उत्तरेकडच्या लीगमध्ये आपला मुलगा

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी कन्नडजवळच्या एका गावातले गृहस्थ माझ्याकडे चार पानांचं एक इंग्रजी पत्र घेऊन आले. सोबत त्यांचा मुलगा होता. सतरा वर्षांचा, काटक, शाळेच्या संघातून विभागीय स्पर्धेपर्यंत फुटबॉल खेळलेला. पत्राच्या माथ्यावर एका स्वीडिश क्लबचं बोधचिन्ह होतं, खाली ‘डिव्हिजन थ्री’ असं लिहिलं होतं आणि शेवटच्या पानावर आकडा होता : चाचणीसाठी अडीच लाख रुपये, त्यातले निम्मे आधी. पत्र आणून देणारा मध्यस्थ शहरातला होता. “भाऊ, डिव्हिजन थ्री म्हणजे तिसरा नंबरच ना? मग काही वाईट नाही,” गृहस्थ म्हणाले. भाव येईल म्हणून थांबवून ठेवलेली अद्रक त्यांनी नुकतीच विकली होती. पैसे घरात होते, म्हणून तर मला घाई वाटली.

मी फुटबॉल खेळलेलो नाही. खेळांचा इतिहास आणि त्यांचे नियम वाचायची हौस आहे, आणि ती गावात माहीत आहे, एवढीच माझी पात्रता. “आठ दिवस द्या, तोवर पैसे देऊ नका,” असं मी त्यांना सांगितलं. आठ दिवसांत पत्रापुरतं उत्तर मिळालं. पण त्यामागचा मोठा प्रश्न, म्हणजे आपल्याकडचा एखादा तरुण स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कच्या लीगमध्ये गेला तर त्याचं पुढे काय होतं, हा मला वर्षभर पुरला.

आधी ‘डिव्हिजन थ्री’चं पाहू. स्वीडनमधली सर्वोच्च लीग म्हणजे ऑलस्वेन्स्कान. तिच्याखाली सुपरएतन. त्याखाली एत्तन, म्हणजे शब्दशः ‘पहिली’, पण प्रत्यक्षात तिसरी पायरी, तीही उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत विभागलेली. ‘डिव्हिजन टू’ येते चौथ्या पायरीवर, सहा गटांत. आणि ‘डिव्हिजन थ्री’ ही पाचवी पायरी, बारा गटांची. म्हणजे नाव तिसरं, पायरी पाचवी, आणि त्या एका पायरीवर शंभराहून जास्त क्लब. तिथले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी किंवा शिक्षण करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. यात त्या क्लबांचा कमीपणा काही नाही. गावोगावी क्लब असणं हीच त्या देशांच्या फुटबॉलची खरी ताकद. पण परदेशातून मुलगा आणून त्याला पगार देणं हे त्यांचं काम नव्हे. नॉर्वे-डेन्मार्कमध्येही हाच घोळ आहे : तिथली ‘फर्स्ट डिव्हिजन’ म्हणजे दुसरी पायरी. नावं ठेवणाऱ्यांनी फसवायचं म्हणून ठेवलेली नाहीत, वरची लीग वेगळ्या नावाने निघाली आणि बाकीच्या खाली सरकल्या. फसवणाऱ्याला मात्र ती आयती मिळाली.

दुसरी गोष्ट वयाची. फिफाच्या बदली नियमांतलं एकोणिसावं कलम सांगतं की अठरा वर्षं पूर्ण झाल्याखेरीज खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होऊ शकत नाही. अपवाद मोजके आहेत : आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर, सीमेलगतच्या गावांत राहणाऱ्यांसाठी, आणि युरोपीय संघ व त्याच्याशी जोडलेल्या आर्थिक क्षेत्रातल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी. पूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून मुलं युरोपात आणली जात, चाचणीत नापास झाली की रस्त्यावर सोडली जात. त्या अनुभवातून हे कलम कडक झालं. म्हणजे सतरा वर्षांच्या या मुलाची त्या क्लबात नोंदणी होणंच शक्य नव्हतं. पत्र खरं असो वा खोटं, ती अडीच लाखांची सहल ठरली असती.

इथे मला आयर्लंडच्या मुलाची गोष्ट उपयोगी पडली. आयर्लंड हा पन्नासेक लाख वस्तीचा देश. पिढ्यान्‌पिढ्या तिथला गुणी मुलगा सोळाव्या वर्षी बोटीने किंवा विमानाने इंग्लंडला जायचा. तिथल्या क्लबांच्या वसतिगृहात राहायचा, आणि दहातले बहुतेक विसाव्या वर्षी घरी परत यायचे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून हा रस्ता अठराव्या वर्षापर्यंत बंद झाला, कारण एकोणिसाव्या कलमातला युरोपीय अपवाद ब्रिटनला लागू राहिला नाही. त्या मुलापुढे मग दोन वाटा उरल्या : घरच्या लीगमध्ये खेळत राहणं, किंवा युरोपच्या मुख्य भूमीवर आणि उत्तरेकडे जाणं. उत्तरेचं एक सोयीचं आहे. नॉर्वे-स्वीडनची लीग थंडीमुळे वसंतात सुरू होते आणि हिवाळ्याआधी संपते. आयर्लंडनेही २००३ पासून आपली लीग उन्हाळी केली. दोघांचा हंगाम जुळतो, त्यामुळे नोव्हेंबरात इकडचा हंगाम संपवून मुलगा तिकडच्या नव्या हंगामाच्या सरावाला पहिल्या दिवसापासून हजर राहू शकतो. त्याला व्हिसा लागत नाही, कामाचा परवाना लागत नाही, भाषेची अडचण फारशी नाही.

एवढं सगळं हातात असूनही त्या मुलाचं भवितव्य ठरतं ते एकाच गोष्टीवर : अठरा ते एकवीस या वयात त्याला पहिल्या संघातून किती मिनिटं खेळायला मिळाली. हे मी भावनेने म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून परदेशी खेळाडूला परवाना देताना गुण मोजतात, आणि त्यात त्याची लीग कोणत्या दर्जाची, तिथे उपलब्ध मिनिटांपैकी तो किती टक्के खेळला, हे सरळ आकड्यांत येतं. बाकावर बसलेल्याला गुण नाहीत. उत्तरेच्या लीगचं मोल याच हिशेबात आहे. ती इतकी मोठी नाही की तिथे अठरा वर्षांच्या मुलाला जागाच मिळू नये, आणि इतकी लहानही नाही की मोठ्या क्लबांचे हेर तिकडे फिरकू नयेत. मार्टिन ओडेगार्ड पंधराव्या वर्षी स्ट्रॉम्सगोडसेटकडून नॉर्वेच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला. घानाचा मोहम्मद कुदुस डेन्मार्कच्या नोर्डशेलंडकडून ऑगस्ट २०१८ मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, पहिला सामना खेळला. दोन वर्षांनी तो आयाक्सला गेला आणि पुढे इंग्लंडला. तोवर त्याला घानातल्या ‘राइट टू ड्रीम’ या अकादमीने तयार केलं होतं, आणि त्याच अकादमीच्या लोकांनी २०१५ च्या अखेरीस नोर्डशेलंड क्लब विकत घेतला होता. शिडीचं खालचं टोकही त्यांचंच, मधलंही त्यांचंच. नियम मोडायची गरज पडली नाही, वाढदिवसाची वाट पाहायची तयारी तेवढी लागली.

आता आपल्याकडे येऊ. उत्तरेच्या लीगमध्ये गेलेले भारतीय हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. त्यातले दोन ठळक, आणि दोघेही गोलरक्षक.

सुब्रत पाल २०१४ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या वेस्टशेलंड क्लबात गेला. २०११ च्या आशियाई चषकात त्याने अडवलेल्या फटक्यांमुळे लोक त्याला ‘स्पायडरमॅन’ म्हणू लागले होते. डेन्मार्कमध्ये मात्र पहिल्या संघातून एकही सामना न खेळता तो त्याच वर्षी परतला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, शिकायचं वय सरलेलं.

दुसरा गुरप्रीत सिंग संधू. ईस्ट बंगालचा हा उंच गोलरक्षक २०१४ मध्ये बावीसाव्या वर्षी ऑस्लोजवळच्या स्टाबेक क्लबात गेला. तिथे त्याच्या पुढे आयव्हरी कोस्टचा सायुबा मांदे होता. गोलरक्षकाची जागा एकच असते, बदली खेळाडू म्हणून दहा मिनिटं मिळण्याचाही प्रश्न नसतो. गुरप्रीतने २०१५ मध्ये चषक स्पर्धेत पहिली अधिकृत संधी घेतली आणि लीगमधला पहिला सामना खेळायला त्याला मे २०१६ उजाडला. जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. ३० जून २०१६ रोजी वेल्सच्या कॉनाज की नोमॅड्सविरुद्ध तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. त्या स्पर्धेत खेळलेला तो पहिला भारतीय. पहिल्या अर्ध्या तासातच दुखापत होऊन त्याला बाहेर जावं लागलं. २०१७ मध्ये तो बंगळुरू एफसीत आला.

नुसती मिनिटं मोजली तर हे अपयश ठरेल. मला तसं वाटत नाही, आणि इथे माझाच वरचा नियम थोडा सैल करावा लागतो. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारताने शून्य-शून्य रोखलं तेव्हा आजारी सुनील छेत्रीच्या जागी कर्णधार गुरप्रीत होता, आणि तो सामना त्याच्याच हातांनी वाचवला. तीन वर्षं रोज व्यावसायिक नेमबाजांचे फटके अंगावर घेतल्याशिवाय ते हात तसे तयार झाले नसते. गोलरक्षक सरावातूनही घडतो, त्याचं आयुष्यही लांब असतं. पुढच्या फळीतल्या खेळाडूचं तसं नाही. त्याला चुकायला खरा सामनाच लागतो.

आणि आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण पुढच्या फळीतलंच आहे.

कोल्हापूर सोडलं तर महाराष्ट्रात फुटबॉल हा पेठेचा खेळ कुठे आहे? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या नावाने संघ आहेत. लाल मातीतल्या कुस्तीच्या शेजारीच फुटबॉल वाढला आणि शाहू स्टेडियमवर पेठविरुद्ध पेठ सामना असला की शहर दोन भागांत वाटलं जातं. त्या कोल्हापुरातून अनिकेत जाधव निघाला. पुण्यात क्रीडा प्रबोधिनी, मग पुणे एफसीची अकादमी, आणि तिथून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा भारतीय संघ. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घानाविरुद्ध आपण तिन्ही सामने हरलो, पण भारताच्या कुठल्याही संघाला फिफाच्या विश्वचषकात खेळताना आपण पहिल्यांदाच पाहत होतो. पुढच्याच महिन्यात, २९ नोव्हेंबर २०१७ ला, इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघाकडून आय-लीगच्या पहिल्याच सामन्यात अनिकेतने चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. पुढे तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये प्रशिक्षणासाठी गेला. हा क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. कोंबड्या आणि अंड्यांच्या धंद्यातल्या मराठी मुलखातल्या कंपनीने प्रीमियर लीगचा माजी विजेता क्लब घ्यावा आणि तिथे कोल्हापूरचा मुलगा सराव करावा, याची आपल्याकडे बातमी झाली ती साहजिकच. पण बातमीतला ‘प्रशिक्षण’ हा शब्द कुणी नीट वाचला नाही. प्रशिक्षणाला गेलेला मुलगा अधिकृत सामना खेळत नाही. मालक पुण्याचा असला तरी परवाना इंग्लंडच्या नियमांनीच मिळतो, आणि तो किती कठीण याचा दाखला जुना आहे : २००९ मध्ये छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नसल्याने परवाना नाकारला गेला. अनिकेत परत आला, २०१९ मध्ये जमशेदपूर एफसीत गेला, मग २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता.

एक योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही. अनिकेत जुलै २००० चा. अर्लिंग हालंडही जुलै २००० चा. दोघांची तुलना करायची नाही, तसं करणं अनिकेतवर अन्याय होईल. बापही खेळाडू, देशही वेगळा. मला फक्त सामन्यांची बेरीज पाहायची आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात अनिकेत दिल्लीत भरल्या मैदानात विश्वचषक खेळत होता, तेव्हा हालंड मोल्दे नावाच्या लहान नॉर्वेजियन गावच्या क्लबात जागा शोधत होता. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, मोल्देने त्याला हंगामभर खेळवलं. नॉर्वेच्या लीगमध्ये सोळा संघ, म्हणजे तीस सामने, शिवाय चषक आणि युरोपचे सामने. त्याने त्या लीगमध्ये बारा गोल केले. १ जुलैला ब्रानविरुद्ध पहिल्या एकवीस मिनिटांत चार. २०१९ च्या जानेवारीत तो साल्झबर्गला गेला. त्याच काळात आय-लीगमध्ये दहा संघ होते, म्हणजे हंगामात अठरा सामने. इंडियन सुपर लीगमध्येही दहा संघ, अठराच. इंडियन ॲरोज हा संघ तर मुलांना सामने मिळावेत म्हणूनच महासंघाने चालवला होता, तो २०२२ मध्ये बंद झाला. आयर्लंडची दहा संघांची लीग मात्र एकमेकांशी चार-चार वेळा खेळून छत्तीस सामने भरवते. संघ तेवढेच, सामने दुप्पट. म्हणजे आपल्या मुलाला परदेशाची गरज नेमकी कशासाठी आहे, हे या आकड्यांत दिसतं. चांगलं गवत, चांगला आहार, चांगला प्रशिक्षक हे सगळं खरंच. पण पहिलं म्हणजे त्याला वर्षात तीस-चाळीस शनिवार-रविवार हवेत.

गोव्यातल्या मुलांपुढे आणखी एक दार असतं, आणि ते कुरूप आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. ते घेतलं की आयरिश मुलाला मिळणारी सगळी मोकळीक मिळते. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. युरोपचं दार उघडताच भारताच्या संघाचं बंद. रोमियो फर्नांडिस हा गोव्याचा मुलगा भारतीय म्हणूनच २०१५ मध्ये ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेकडे तात्पुरता गेला आणि तिथल्या राज्य स्पर्धेत मैदानात उतरला. एफसी गोवाचे प्रशिक्षक झिको यांच्या ओळखीने ते जमलं. ओळख दार उघडते, मिनिटं देत नाही. तोही काही महिन्यांत परतला.

पैशाबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे, कारण आमच्या गृहस्थांचा पहिला प्रश्न तोच होता. फुटबॉलमध्ये पैसा सरळ उलट दिशेने वाहायला हवा. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला तर रकमेचे पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात : बारा ते पंधरा या वर्षांसाठी वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. कोटीची बदली झाली तर सोळाव्या वर्षी त्याला खेळवणाऱ्या क्लबाला पन्नास हजार. मात्र ही नोंद क्लबाच्या नावाने महासंघाकडे असावी लागते. शाळेच्या पटावर खेळलेला मुलगा या हिशेबात अस्तित्वातच नसतो. मध्यस्थाचंही तसंच. त्याला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, परवानाधारकांची नावं सगळ्यांना पाहता येतात, आणि अल्पवयीन खेळाडूच्या कामाचा मोबदला त्याला व्यावसायिक करार झाल्याखेरीज घेता येत नाही. जो बापाकडून आधी मागतो, तो फुटबॉलचा मध्यस्थ नव्हे.

हे सगळं मी आठव्या दिवशी इतक्या विस्ताराने सांगितलं नाही. पाचवी पायरी, अठरा वर्षं आणि परवाना, एवढंच सांगितलं. गृहस्थ ऐकत राहिले. मुलगा मात्र चिडला. “म्हणजे मला कुठंच जाता येणार नाही का?” असं त्याने विचारलं. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी कार्यक्रम झाला, तेव्हा त्याच्या शाळेत आलेल्या चेंडूला त्याने पहिल्यांदा पाय लावला होता, दहा वर्षांचा असताना. नंतर शाळेत नवा चेंडू आला नाही. मी त्याला विचारलं, गेल्या वर्षात तू पूर्ण वेळेचे किती सामने खेळलास? त्याने बोटांवर मोजले. सात.

मध्यस्थाचे चार-पाच फोन आले, मग थांबले. मुलाची एका नोंदणीकृत क्लबात नोंद करायची ठरली. तालुक्यात तसा क्लब नव्हता, संभाजीनगरला जावं लागलं. जन्मदाखल्यात आणि आधार कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, त्यात दोन महिने गेले. आता तो अठरा पूर्ण झाला आहे. शनिवारी पहाटेच्या एसटीने जातो, रविवारी रात्री परत येतो. यंदा पोळ्याला बाप-लेक दोघं आले होते. मुलाने वहीचं पान दाखवलं. त्यावर तारीख, समोरचा संघ आणि मिनिटं लिहिली होती. पावसामुळे रद्द झालेले तीन सामने त्याने वेगळ्या शाईत लिहिले होते. एकोणीस सामने झाले होते, आणि त्यातले चार तो अर्ध्या वेळेनंतर उतरला होता.